प्रशिक्षण तळापर्यंतचा हिवाळी प्रवास : निघण्यापूर्वीची तयारी

जोडीदार दूरच्या लष्करी तळावर सरावासाठी गेलेला असताना ऐन हिवाळ्यात स्वतः गाडी चालवत त्याच्याकडे जायचे ठरले, तर तयारीआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. वाटेत आपण अडकलो, तर ज्याच्या ओढीने निघालो त्याला धावून येता येणार नाही, आणि सराव चालू असेल तर बहुधा फोनही उचलता येणार नाही. म्हणून सारी तयारी आपले आपण निभावून नेण्याच्या हिशेबानेच करावी.

गाडीची तपासणी किमान आठवडाभर आधी करून घ्यावी, म्हणजे काही बदलावे लागले तर वेळ हाताशी राहतो. सर्वांत आधी बॅटरी पाहावी. उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपास तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि नेमके त्याच वेळी थंडीने दाट झालेल्या ऑइलमुळे इंजिन सुरू व्हायला जास्त जोर लागतो. त्यामुळे तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी रोजच्या फेऱ्यांत तक्रार करत नसली, तरी तिची चाचणी घ्यावीच. साध्या टायरचे रबर 7 अंशांच्या खाली कडक होऊ लागते, म्हणून बर्फाच्या रस्त्यासाठी हिवाळी टायर हवेत, आणि तेही चारही चाकांना. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो, तेव्हा हवा सकाळी टायर गार असतानाच तपासावी. स्टेपनी विसरू नये. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी ठेवू नये, ते गोठते. इंधनाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, कारण असे तळ वस्तीपासून लांब असतात आणि शेवटचा पंप रात्री उघडा असेलच असे नाही.

सामानाची जागाही विचारपूर्वक ठरवावी. फावडे, वाळूची पिशवी आणि जंपर केबल डिकीत चालतील. ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ, औषधे, टॉर्च, हातमोजे आणि मोज्यांचा कोरडा जोड मात्र हात पोहोचेल असे आत ठेवावे, कारण मागची बाजू बर्फात रुतली तर डिकी उघडत नाही.

अडकल्यावर काय करायचे, हे घरी असतानाच ठरवून ठेवावे. गाडी सोडून चालू लागू नये. उबेसाठी इंजिन तासातून दहाएक मिनिटेच चालवावे, पण त्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढावा आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. सायलेन्सर बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही, आणि झोपेत तो जीव घेतो. मुले सोबत असतील तर हे त्यांनाही समजावून सांगावे.

रस्त्यावर पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. ओलसर काळा दिसणारा पट्टा म्हणजे बर्फाचा पातळ थर असू शकतो. तिथे जोरात ब्रेक दाबू नये. कोठे मुक्काम करायचा आणि कोणत्या ठिकाणाहून माघारी फिरायचे, हे लिहून त्याची प्रत घरी थांबणाऱ्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. खबर त्या व्यक्तीला कळवत राहावी, केवळ जोडीदाराला नव्हे.

तळाच्या कागदपत्रांकडे मी पूर्वी पुरेसे लक्ष देत नसे. एका रात्री गेटवर पोहोचले, तर पासवरील गाडीच्या क्रमांकात एक आकडा चुकलेला होता. पहाऱ्यावरच्या जवानाने टॉर्च आधी कागदावर, मग नंबर प्लेटवर धरून दोनदा वाचले आणि नम्रपणे थांबायला सांगितले. त्याचे बरोबरच होते. आतून अधिकारी येईपर्यंत दीड तास गेला. मागच्या सीटवर मुलगी ब्लँकेटमध्ये झोपली होती आणि टाकीत इंधन होते, एवढ्यावरच तो वेळ निभावला. तेव्हापासून पासवरचे प्रत्येक अक्षर मी आधी पडताळून घेते. ओळखपत्र आणि गाडीच्या नोंदणीची व विम्याची कागदपत्रे सोबत घ्यावीत; तुकडीचे नाव आणि ड्यूटी रूमचा फोन क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. थंडीत मोबाइल अचानक बंद पडतो, त्यामुळे तो अंगावरच्या आतल्या खिशात बाळगावा. पाहुण्यांसाठी कोणते गेट आणि ते किती वाजेपर्यंत उघडे, हेही विचारावे, कारण नकाशा कधीकधी बंद असलेल्या गेटवर नेतो. गोळीबाराच्या क्षेत्राभोवती लाल निशाण किंवा लाल दिवा दिसला, तर जवळची वाट म्हणूनही आत वळू नये. तारखा, तुकडीचे नाव आणि तळावरचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

सुटी ऐनवेळी रद्द होते, म्हणून मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे. परतीच्या आदल्या संध्याकाळी, उघड्यावर उभी राहिलेली गाडी एकदा सुरू करून पाहावी. ती सुरू झाली नाही, तर निदान तेव्हा आजूबाजूला मदतीला माणसे असतात.