लढाईआधी भाकरी मोजा

रविवारी आमच्या गच्चीवर फासे टाकून खेळायचा, ड्रॅगन-जादूगारांच्या काल्पनिक लढायांचा डाव रंगतो, समोर साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला. मागं पोरांनी १०,००० चं सैन्य पटावर उभं केलं आणि थेट फासे मागितले. म्हटलं, "खाणार काय रे ही माणसं?" सगळे गप्प.

तर डाव चालवणाऱ्यानं आधी हिशोब मांडावा. माणशी रोज किलोभर धान्य धरलं, तर १०,००० जणांना १०० क्विंटल. बैलगाडीत ८-१० क्विंटल मावतं असं समजा, म्हणजे रोज दहाबारा गाड्या, वर बैलांची वैरण. घोड्यांचं तर बोलूच नका. साठा संपला की दर दिवशी हिमतीचा एक गुण कापायचा. मग पोरं ड्रॅगनपेक्षा पावसाला जास्त भितात!

वेढा एका फाशात उरकू नका. हाच किल्ला घ्यायला औरंगजेबाला डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० लागले. त्यात एका सुरुंगानं तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि खाली हल्ल्याला टपलेले मोगलच गाडले गेले. म्हणून आमच्याकडं सुरुंग लावताना वीस बाजूंच्या फाशावर १ पडला, की दगड लावणाऱ्याच्याच डोक्यात.

जादूगाराला दिवसाला एकच मोठा मंत्र. नाहीतर तट बांधायचा कशाला?