कोकोच्या बिया आंबवताना या चुका टाळा

चॉकलेट तुरट किंवा आंबट निघालं की दोष भाजणीला दिला जातो. चव बिघडलेली असते बहुधा त्याच्या आधी, बागेतच. तिथे बिघडलेली बी पुढे कितीही निगुतीने भाजा, सुधारत नाही.

तोडताना फळ ओढू नका, देठ कात्रीने कापा. कोकोला खोडावरच्या त्याच गादीतून, म्हणजे उंचवट्यातून, पुन्हा पुन्हा फुलं येतात. ती गादी सोलली गेली की तिथलं पुढचं पीक बुडालं. फळ कोयत्याने न चिरता लाकडी दांडक्याने फोडा, कारण चिरलेल्या बीत बुरशी शिरते. काळी पडलेली फळं, मोड आलेल्या बिया आणि मधली नाळ वेगळी काढा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थोडा माल मोठ्या पेटीत आंबवायला टाकल्याने. बियांभोवतीच्या गरातल्या साखरेचं यीस्ट मद्य करतं, मग हवा मिळाली की जिवाणू त्याचं व्हिनेगरसारखं आम्ल करतात. त्यातून निघणाऱ्या उष्णतेने ढीग ४५ ते ५० अंशांवर जातो, बी मरते आणि चॉकलेटच्या चवीची द्रव्यं तयार होऊ लागतात. पाच-दहा किलोंना मोठ्या पेटीत ही ऊब धरत नाही. ढिगासाठी निदान ५० किलो ओल्या बिया हव्यात. माल कमी असेल तर लहान टोपली घ्या, आत केळीची पानं, वर गोणपाट, आणि रस निथळायला तळाशी वाट ठेवा.

आपल्याकडे दक्षिणेतल्या नारळ-सुपारीच्या बागांत बहुतेक फोरास्टेरो जातीचा कोको आहे. त्याला आंबायला साधारण सहा दिवस लागतात. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी ढीग खालीवर करा, नाहीतर मध्याला हवा मिळत नाही आणि कडा थंडच राहतात. अमोनियाचा वास आला तर उशीर झालाय, बिया लगेच पसरा.

वाळवताना घाई नको. पहिल्याच दिवशी कडक आच दिली तर टरफल आवळतं आणि आम्ल आत कोंडतं. ओल्या लाकडाचा धूर तर अजिबात नको, बीतलं लोणी (कोको बटर, म्हणजे तिची चरबी) तो वास धरून ठेवतं. ओलावा सुमारे ७ टक्क्यांवर आणा. ८ च्या वर बुरशी धरते.

मग १०० बिया उभ्या कापून पाहा. पाटीसारखी करडी बी आंबलेलीच नाही, पूर्ण जांभळी अर्धवट आंबलेली. आतून तपकिरी आणि भेगाळलेली ती हवी.

तयार चॉकलेटच्या वडीवर पांढरट थर येतो, तो दोष बीचा नव्हे. बोटाने चोळल्यावर पुसला गेला तर टेंपरिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांवर वितळवणं-निववणं) चुकलंय किंवा वडीला ऊब लागलीय. डार्क चॉकलेट ४५-५० अंशांवर वितळवा, २७-२८ पर्यंत निववा, पुन्हा ३१-३२ वर आणून साच्यात ओता.