थायरॉइड, लोह, कॅल्शियम आणि मधला चहा

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो ‘उपाशीपोटी’ या शब्दाचा. नुसता चहा झाला तर पोट उपाशीच, असं आपल्याकडे धरून चालतात. उपासाला चहा चालतो ना! गोळीला मात्र तो चालत नाही. तिच्यातलं लिव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं, तेही रिकाम्या पोटी साधारण ६० ते ८० टक्केच. चहा-कॉफीने ते आणखी घटतं. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, ते वेगळंच. गोळी ५० किंवा ७५ मायक्रोग्रॅमची, त्यामुळे रोजची थोडी गळतीही टीएसएचच्या आकड्यात दिसते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; गोळी कमी पडली की रक्तात ते वाढतं, जास्त झाली की घटतं.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे गोळ्यांची बाटली आणि तांब्या-भांडं उशाशी ठेवणं. सहाला उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, गोळी भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्या. आंघोळ, पूजा, डब्याची तयारी होईपर्यंत तास निघून जातो. चहा सातला. अर्धा तास ही किमान मर्यादा, तास झाला तर उत्तम. बाटली बाथरूममध्ये किंवा गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका. दमट हवा आणि उष्णता या गोळीला सोसत नाही.

खरी अडचण लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सोबत असल्या की होते. गरोदरपणात तर तिन्ही एकदम येतात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही लिव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात, म्हणून थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास त्यांना हात लावायचा नाही. अ‍ॅसिडिटीच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या पातळ औषधालाही हाच नियम. शिवाय लोह आणि कॅल्शियम यांचंही आपसात पटत नाही, त्यांच्यात दोन तास हवेत.

घड्याळ लावायचं तर असं: लोहाची गोळी ११ वाजता, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, चहातलं टॅनिन ते अडवतं. म्हणून नाश्त्याचा चहा नऊच्या आत उरका आणि ऑफिसातला अकराचा कप सोडा. मळमळलं तर लोहाआधी दोन घास खा, पण त्यात दही-दूध नको. शौचाला काळसर होणं लोहामुळेच, त्याने घाबरायचं कारण नाही. कॅल्शियम दीड वाजता, जेवणाबरोबर. कॅल्शियम कार्बोनेटला जेवताना सुटणारं आम्ल लागतं, रिकाम्या पोटी ते नीट विरघळत नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम शरीर नीट घेत नाही. दिवसाला १००० सांगितलं असेल तर उरलेली गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर.

सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री घेता येते, जेवणानंतर तीन तासांनी. मग रात्रीचं कॅल्शियम आणि झोपतानाचा इसबगोल मात्र दुसरीकडे हलवावा लागतो. इसबगोलातला चोथाही औषध अडवतो. सोयाबीनच्या वड्या आणि सोया दूधही गोळीच्या जवळपास नकोत.

आता एक गोष्ट बहुतेक कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षं गोळी चहाबरोबर घेऊन टीएसएच ठीक असेल, तर तुमची मात्रा त्या चहासकटच ठरलेली आहे. हे वाचून उद्यापासून एकदम उपाशीपोटी सुरू केलंत, तर तीच गोळी जास्त पडू शकते: धडधड, घाम, हात थरथरणं, झोप उडणं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर हा बदल परस्पर करूच नये. डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण या औषधाला रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, आणि नवी पातळी स्थिरावायला त्याच्या कितीतरी पट.

एखाद्या दिवशी चुकून चहाबरोबर गेली, तर गेली. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवा. मात्रा मोठी असेल तर किती दिवस आधी, ते लॅबला विचारा. बायोटिन गोळीच्या आड येत नाही, पण काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दाखवतं, आणि त्या कागदावरून बरी चाललेली मात्रा उगाच घटवली जाते. टी-फोरही, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, तपासायचा असेल, तर त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.