भाजल्याचा वण, इंजेक्शन आणि आमच्या चुका

आखाडात त्र्यंबोलीच्या जत्रेला घरी पाहुणे होते. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि साडेचार वर्षांच्या पोरानं त्यात हात घातला. सासूबाईंनी टूथपेस्ट आणली, मी ती थापली. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरायचा असतो, हे कळलं तोवर उशीर झाला होता. जखम भरायला चार आठवडे लागले. तीन आठवड्यांच्या वर रेंगाळलेली जखम वण फुगवते, असं म्हणतात. गणपतीपर्यंत मनगटावर लाल, टणक, खाजरी दोरी उभी राहिली.

मग इंजेक्शन. ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉईड वणाच्या आत सोडतात, त्यानं घट्ट साचलेलं कोलॅजन, म्हणजे कातडीतले प्रथिनाचे तंतू, हळूहळू सैल होतं. आमची मोठी चूक इथंच. एका सुईत वण बसेल, असं धरून चाललो. पंधरा दिवसांत फरक दिसेना, तर आमचे हे डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, जरा जास्त भरा की." डॉक्टर हसले नाहीत. लहान मुलाचा डोस वजन आणि वणाचा आकार बघून ठरतो. तो वाढला तर औषध अंगात मुरून चेहरा गोल होतो, वजन वाढतं, उंची खुंटू शकते. दोन सुयांमध्ये साधारण चार ते सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलात तरी जुनी फाईल सोबत न्या. नाहीतर नकळत दुप्पट औषध जायचं.

सुई वणाखालच्या चरबीत गेली तर तिथं खळगा पडतो. कातडी पातळ होणं, पांढुरका डाग पडणं हेही होतं. आमच्या पोराच्या मनगटावर तसा एक ठिपका आहे. हे आधीच विचारून ठेवलं असतं तर तो दिसल्यावर मी रडत बसले नसते.

दुखण्याबद्दल खोटं बोलू नका. "सुई नाही हं" म्हणून नेलं, तर पुढच्या वेळी रिक्षातच बोंब. बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वर प्लास्टिकचा कागद चिकटवायला सांगतात, ते घरूनच करून निघा. वण मोठा असेल तर भूल द्यावी लागते, त्यात काही कमीपणा नाही.

सुई घेतली म्हणून वणावर चिकटवायची सिलिकॉनची पट्टी सुटत नाही. आम्ही एप्रिलच्या घामात ती काढून ठेवली, वण परत तरारला. पट्टी दिवसातले 12 तास तरी हवी. घामानं पुरळ आलं तर धुऊन, वाळवून थोडे तास लावत वाढवायची. उघड्या जखमेवर मात्र नाही. लिंबू, चंदन, जोरात तेल रगडणं, हे सगळं बंद.

आणि वणामुळं बोट किंवा मनगट वळेना झालं, तर सुईच्या भरवशावर थांबू नका. तिथं स्प्लिंट (सांधा नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार), व्यायाम, कधी शस्त्रक्रिया लागते.

दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून फोटो काढा. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवा. रोजच्या बघण्यात फरक कळत नाही. आमचा वण तिसऱ्या सुईनंतर बसायला लागला, पण खाज दुसरीनंतरच थांबली. रात्री खाजवू नये म्हणून पोराच्या हाताला पायमोजा बांधायचं तेव्हा सोडून दिलं.