मातीतली गाडी रस्त्यावर आणायची? आधी कागद, मग पाना

अमेरिकेत डर्ट बाईक किंवा साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली, कच्च्या वाटांवरची छोटी चारचाकी) रस्त्यावर चालवायची असेल, तर आरसे आणि इंडिकेटर विकत घेण्याआधी गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढून नीट वाचा. त्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर आधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाला विचारा. काही ठिकाणी, विशेषतः कॅलिफोर्नियात, प्रदूषणाच्या नियमांमुळे गाडी इथेच अडते आणि मग सामानावर घातलेले पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

टायरकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. खाली वाकून टायरच्या बाजूवरची अक्षरं बघा. ‘डीओटी’ हवं, म्हणजे अमेरिकी वाहतूक विभागाच्या रस्त्यासाठीच्या निकषांची खूण. ‘एनएचएस’ दिसलं, तर तो टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. नक्षी कितीही दणकट असो, बदलावाच लागेल. हेडलाइट, ब्रेक लाइट, हॉर्न, नंबर प्लेटवरचा दिवा हे सगळं तुलनेनं सोपं.

शेजारच्या राज्यात जाताना तिथले नियम वेगळे वाचा. युटामध्ये साइड-बाय-साइडला रस्त्यावर परवानगी मिळते, पण इंटरस्टेटवर, म्हणजे राज्यांना जोडणाऱ्या महामार्गांवर, नाही. माँटाना राज्याची नंबर प्लेट लावली की सगळीकडे चालतं, या सल्ल्यावर तर कृपया विसंबू नका. तुम्ही राहता त्या राज्याची नोंदणी आणि कर त्यानं चुकत नाहीत.