पीएसएसआरची टीम नेमताना या चुका टाळा

नव्या किंवा मोठे बदल केलेल्या केमिकल प्लांटमध्ये कच्चा माल आत घेण्याआधी जी सुरक्षा तपासणी होते, ती पीएसएसआर (प्री-स्टार्टअप सेफ्टी रिव्ह्यू). तिच्या चेकलिस्टवर आठवडे खर्च होतात आणि तपासणार कोण, हे मात्र आदल्या संध्याकाळी फोनवर ठरतं.

ज्यांनी उभारलं, त्यांच्याकडेच तपासणी देणं

प्रोजेक्ट मॅनेजर, त्याचा इंजिनीअर आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर, झाली टीम! ही माणसं अप्रामाणिक नसतात. पण तीच लाईन रोज पाहून त्यांना ड्रॉइंगमधलं दिसायला लागतं, जागेवरचं नाही. शिवाय स्टार्टअपची तारीख त्यांच्याच डोक्यावर असते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अणुप्रकल्पांच्या सज्जता तपासणीचा नियमच आहे की, स्वतःच्या जबाबदारीतलं काम टीममधल्या कुणी तपासायचं नाही.

कोकणातल्या एका कारखान्यात अशीच टीम होती. नवा रिॲक्टर, एक्झोथर्मिक म्हणजे उष्णता सोडणारी रिॲक्शन. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह, त्याला चालवणारी दाबाची हवा म्हणजे इन्स्ट्रुमेंट एअर गेली तर उघडाच राहायला हवा. पी अँड आयडीवर, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं, चेकलिस्टवर टिक, खाली तिघांच्या सह्या. कंट्रोल रूममधून उघड-बंद करून दाखवला, तेव्हाही तो नीट चालला. मी मेंटेनन्समधला एक जुना इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन मागून घेतला. ‘आता ऐनवेळी कशाला?’ अशी कुरकुर झालीच. त्याने कागद हातातही घेतला नाही. थेट व्हॉल्व्हपाशी गेला आणि म्हणाला, “साहेब, एअर बंद करून बघितलीय का कुणी?”

कुणीच बघितली नव्हती. त्याने एअरचा कॉक फिरवला आणि व्हॉल्व्ह बंद झाला. व्हॉल्व्ह हलवणारा ॲक्च्युएटर उलट ॲक्शनचा बसवला होता. तेव्हा नुसत्या पाण्यावरची वॉटर ट्रायल चालू होती, म्हणून निभावलं. आत माल असताना एअर गेली असती, तर कूलिंग नेमकं हवं तेव्हाच तुटलं असतं.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव शिफ्टमधल्या ऑपरेटरचं आणि दुसरं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचं असतं. मॅनेजरांची नावं नंतर. प्रोजेक्टवाले सोबत हवेतच, पण उत्तरं द्यायला. सही करायला नाही.

हाताला लागेल तो टीम लीडर

२३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीतल्या बीपीच्या रिफायनरीत आयसोमरायझेशन युनिट सुरू करताना स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. स्टार्टअपआधी पीएसएसआर करायचा, हे कंपनीच्या नियमात होतं. पण त्या भागाच्या सेफ्टी कोऑर्डिनेटरला तो इथे लागू होतो हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तपासणी झालीच नाही. ती झाली असती तर गरज नसलेली माणसं आसपासच्या युनिटमधूनही हलवल्याची सही लागली असती. मेलेले सगळे जवळच्या ट्रेलर ऑफिसांत किंवा त्यांच्या आजूबाजूला होते.

लीडरला ही प्रक्रिया माहीत हवी आणि ‘आज स्टार्टअप नाही’ म्हणायची मुभा लेखी हवी. रुजू होऊन चार महिने न झालेल्या सेफ्टी ऑफिसरला हे काम देऊ नका. तो दुसऱ्या प्लांटची चेकलिस्ट उचलून वरचं नाव बदलतो आणि दुपारपर्यंत फाईल पूर्ण करतो. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण तिची किंमत शिफ्टमधली माणसं मोजतात.

बाकीच्या चुका

वीस जणांची वरात नेऊ नका, पाच-सहा जण पुरे. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

रात्रपाळी उतरलेल्या ऑपरेटरला सकाळी फिरवू नका. त्याची ड्युटी आधीच बदलून घ्या.

न आलेल्याच्या जागी सहीपुरता माणूस बसवू नका. तपासणी पुढे ढकला.

आणि टीम पहिल्या फेरीनंतर मोडू नका. स्टार्टअपआधी मिटवायचा पंच पॉइंट, म्हणजे तपासणीत सापडलेली त्रुटी, ज्याने काढला, त्यानेच तो जागेवर जाऊन पाहायचा आणि मगच बंद करायचा. तोवर त्याला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, हे त्याच्या खात्याच्या प्रमुखाकडून आधीच लिहून घ्या.