कुत्र्याच्या विम्याचा क्लेम केस पेपरवरच ठरतो

मी पुण्यात प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते. विम्याचे फॉर्म माझ्याच टेबलावर भरले जातात. क्लेम अडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या केस पेपरवरच्या एका ओळीपाशी.

डॉक्टर विचारतात, "कधीपासून लंगडतोय?" घाबरलेला माणूस सांगून टाकतो, "बरेच दिवस झाले." केस पेपरवर तेच येतं. पॉलिसी नवी असेल तर कंपनी लगेच विचारते, हे दुखणं पॉलिसीच्या आधीचं तर नाही? आधीपासूनचं दुखणं सहसा विम्यात बसत नाही, आणि नव्या पॉलिसीत आजारपणाचं कव्हर सुरू व्हायलाही काही दिवस जावे लागतात. म्हणून घरून निघतानाच आठवून ठेवा: खाणं कधी सोडलं, पहिली उलटी कधी झाली, पाय कधीपासून उचलून धरतोय. नेमका दिवस सांगा, आणि खराच सांगा. तारीख पुढे ढकलून लिहा, असं डॉक्टरांना कृपा करून म्हणू नका. उपचार त्याच माहितीवर ठरतात.

पावसाळ्यात आमच्याकडे गोचीड तापाची रांग लागते. गोचीड चावली की एर्लिकियासारखे जंतू रक्तात शिरतात, प्लेटलेट घसरतात, कुत्रं मलूल होतं, कधी नाकातून रक्त येतं. मग रक्ततपासण्या, सलाईन आणि डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स. बहुतेक जण कुत्र्याला रोज आणतात, दोन तास सलाईन लावतात आणि घरी नेतात. त्यांच्या लेखी ते 'ॲडमिट' होतं. पॉलिसीच्या लेखी ही ओपीडी. ओपीडीचं कव्हर नसेल तर यातला रुपयाही मिळत नाही, आणि हे लोकांना बिल हातात आल्यावर कळतं. फार वाईट वाटतं बघताना. पॉलिसी घेतानाच ओपीडीची ओळ शोधा, नसेल तर एजंटकडून लेखी उत्तर घ्या. कुत्र्याला खरंच रात्री ठेवलं असेल, तर दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख-वेळ डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पण निव्वळ क्लेमसाठी त्याला पिंजऱ्यात ठेवू नका. आजारी जीव घरच्या माणसाजवळच सावरतो.

बिल लेटरहेडवरच हवं, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. पॉलिसी ज्याच्या नावावर, बिलही त्याच्याच नावाने करा. पॉलिसी साहेबांची आणि बिल बाईंच्या नावाने, असं सतत होतं. कुत्र्याचं नावही एकच ठेवा. कागदावर 'ब्रूनो' आणि बिलावर 'सोन्या' असेल तर ते दोघं एकच हे कोण सांगणार? मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा १५ अंकी नंबर प्रत्येक कागदावर लिहून घ्या. मेडिकलच्या पावत्यांना त्या त्या दिवसाची चिठ्ठी जोडा. थर्मल कागदावरची शाई उडते, फोटो त्याच दिवशी काढा.

लसीचं पुस्तक जपा. पार्वो, डिस्टेंपर, रेबीजची लस चुकली असेल तर त्या आजाराचा क्लेम सहसा मिळत नाही. दर लसीला बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही आहे ना, ते तिथेच बघा.

एक गोष्ट लिहायला जड जाते. कुत्रं गेलं आणि पॉलिसीत मृत्यूचं कव्हर असेल, तर अंत्यसंस्काराआधी कंपनीला फोन करा. काही वेळा पोस्टमॉर्टेम मागतात, नंतर ते शक्य नसतं. हा फोन घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी मागा. डॉक्टरांचं खुलासापत्र जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. दाद लागली नाही तर विमा नियामकाचं (IRDAI) तक्रारीसाठीचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन नंबर आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, फक्त एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.